परका जिल्हा

गावात जीप थांबली की मॅडम विद्यार्थ्यांना आधी पारावर नेऊन बसवत. वह्या पिशवीत, हात मांडीवर. "आधी गावाला तुम्हाला पाहू द्या," असं त्या म्हणत, आणि मग बराच वेळ काहीही करायचं नाही. शेळ्या येत, पोरं येत, एखादी म्हातारी परदेशी मुलीच्या केसांना हात लावून जाई. त्या हुशार मुलांची चुळबुळ पाहण्यासारखी असे. मॅडम आपल्या शेंगा सोलत बसत.

कापसाने आमच्या यवतमाळ जिल्ह्याला तोंडघशी पाडलं, त्या वर्षांतली ही गोष्ट. पेपरांत जिल्ह्याचं नाव झालं आणि सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या मुलांची आमच्याकडे रीघ लागली. पुण्याची, दिल्लीची, आफ्रिकेतली, युरोपातली. वर्गातला अभ्यास त्यांच्या विद्यापीठात व्हायचा आणि गावात काम करण्याचं शिक्षण आमच्या केंद्रात, लोहाऱ्याच्या बाजूला. ते मॅडम देत. मी मेस सांभाळायचो आणि डबे घेऊन जीपमधून सोबत जायचो. कोणाला तिखट चालत नाही, आणि कोण चालत नसूनही हट्टाने खातो आणि रात्रभर भोगतो, हे ओळखणं माझं काम.

दारव्ह्याकडच्या एका गावात तर इतक्या बॅचेस जाऊन आल्या होत्या की तिथल्या एका काकूंना अख्खी प्रश्नावली पाठ झाली होती. मुलीने वही उघडायच्या आत काकू उत्तरं देऊ लागत. एकदा मुलगी मधला एक प्रश्न विसरली, तर काकूंनीच आठवण करून दिली. "पुढच्या दिवसाची आशा किती वाटते, ते विचारलं नाही तू. मागच्या टायमाले थोडी सांगितली होती मी. आता काहीच नाही, असं लिहून घे." आम्ही सगळे हसलो. मॅडम हसल्या नाहीत. मुलांना बाहेर पाठवून त्या बराच वेळ काकूंपाशी बसून राहिल्या.

मुलं शिकून जात आणि मोठी होत. कोणी जिनिव्हाला, कोणी नैरोबीला. फोटो यायचे. मॅडम ते मला कौतुकाने दाखवत आणि फोन लगेच पर्समध्ये ठेवून देत. त्यांचं वय निघून चाललं होतं आणि त्यांना एकदा तरी दुसऱ्या मुलखातल्या गावात, परक्या माणसांत जाऊन काम करायचं होतं. वडील कचेरीतून निवृत्त झालेले, घर शिकलेलं, अडवणारं कोणी नव्हतं. पासपोर्टसुद्धा काढून ठेवला होता. त्याचा उपयोग एकदाच झाला, सिमकार्ड घेताना.

एका परदेशी विद्यापीठाचा अभ्यासक्रम त्या पत्राद्वारे करत होत्या. दुपारी मेसची टेबलं पुसून झाली की तिथेच पुस्तक उघडत. सगळे पेपर सुटले. राहिलं फक्त गावातलं प्रशिक्षण, आणि नियम असा की ते आपल्या जिल्ह्याबाहेर करायचं. आता मला सांगा, जी बाई जगाला हे शिकवते तिचंच ते राहावं! दर वर्षी त्या रजा मागत आणि आमचे प्रमुख डॉक्टर दर वर्षी म्हणत, "एवढी बॅच जाऊ द्या, मग बोलू." माणूस वाईट नव्हता. पण बैल चांगला चालतो म्हटल्यावर त्याच्या मानेवरचं जू कोण काढतं?

शेवटी नोंदणीची मुदत संपत आली तेव्हा डॉक्टरांनी रजा दिली. जागा विद्यापीठ ठरवणार होतं. मॅडमच्या मनात इथिओपिया होता. त्या दिवशी मी शिरा केला.

मेल आला आणि मॅडम एवढ्या हसल्या की मी भाकरी तव्यावर सोडून बाहेर आलो. जागा मिळाली होती यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणी तालुक्यात. पुस्तकांचं कुरियर आमच्याकडे नीट पोचत नसे, म्हणून मॅडमनी नोंदणी करताना नागपूरच्या मावशीचा पत्ता दिला होता. विद्यापीठाच्या हिशेबी त्या नागपूरच्या. त्यांच्यासाठी आमचा जिल्हा परका आणि आमचं केंद्र नामांकित. मार्गदर्शक म्हणून खाली मॅडमचंच नाव होतं.

जागा बदलून द्या, असं मॅडमनी उलट कळवलं. उत्तर आलं की बदल पुढच्या वर्षी होईल. पुढच्या वर्षी नोंदणीच उरणार नव्हती. डॉक्टर मात्र खूश. रजाही द्यायला नको आणि बॅचही निघेल.

मॅडम बॅचला घेऊन गेल्या. झरीकडच्या जंगलात कोलाम आदिवासींचं एक पोड आहे, पोड म्हणजे त्यांची वस्ती. वर्षानुवर्षं त्या तिथे मुलांना नेत. मी जेवणाचे डबे घेऊन सोबत होतो. शिकणाऱ्याने करायचं ते सगळं प्रामाणिकपणे करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. ओळखीच्याच एका म्हातारीपुढे बसून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "माय, तुझं नाव काय?"

म्हातारी बघतच राहिली. "माहं नाव? तुले माहीत नाही?"

मॅडमनी पुन्हा विचारलं. म्हातारी घाबरली. तिने मॅडमच्या कपाळाला हात लावून पाहिला, आत गेली, मीठ-मिरची आणून त्यांच्यावरून ओवाळली आणि चुलीत टाकली. बरोबरची मुलं भराभर लिहून घेत होती. मॅडमच्या डोळ्यांना धार लागली. मिरचीने, असं त्या मुलांना म्हणाल्या.

परतताना जीपमध्ये मॅडम म्हणाल्या, "तिले वाटलं मी हरवली. मलेही ते खोटं नाही वाटलं, भाऊ."

प्रशिक्षण त्यांनी तिथेच सोडलं. पदवी गेली. मला फार वाईट वाटलं, त्यांना तितकं वाटलेलं दिसलं नाही. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेली एक मुलगी इथिओपियात काम करत होती. नव्या लोकांना गावात कसं जायचं ते शिकवायला तिला कोणी हवं होतं, तिने मॅडमना विचारलं. त्या कामाला पदवी लागत नव्हती आणि पगारही त्याच बेताचा होता. मॅडमनी रजा मागितलीच नाही. राजीनामा टेबलावर ठेवला आणि जाताना मेसमध्ये येऊन माझ्याकडून ठेचा बांधून घेतला.

महिन्याभराने फोन आला. आवाज एखाद्या पोरीसारखा होता. "भाऊ, इथं गावात गेलती मी. कोणी ओळखलं नाही, कोणी पाणी नाही विचारलं. लय बरं वाटलं मले."

मलाही बरं वाटलं, अगदी मनापासून. पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी नवी बॅच जीपमध्ये बसून होती आणि कोणत्या गावाला जायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. डॉक्टर मेसच्या दारात आले. म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं डबे घेऊन सोबत जाता, तुम्हाला सगळं माहीत आहे. एवढी बॅच काढा, मग बोलू."

मी हात धुतले आणि जीपमध्ये जाऊन बसलो. त्यानंतर किती बॅचेस गेल्या ते मी मोजलेलं नाही, आणि डॉक्टर अजून बोललेले नाहीत.