कोऱ्या फॉर्मवरची नाडी

पुस्तकं बांधणाऱ्या त्या बाईला गल्लीत सगळे बाइंडरबाई म्हणत. छापखान्यामागच्या खोलीत तिने सत्तावीस वर्षं छापील कागदांचे फर्मे दुमडले, शिवले, पुठ्ठे चढवले. नवरा शाळेत गणित शिकवायचा. तो तोंडाचा फटकळ, ही मोजूनमापून बोलणारी. घरातलं बोलण्याचं खातं त्याच्याकडेच होतं.

पित्ताशयातल्या खड्यांचं साधं ऑपरेशन म्हणून तो हॉस्पिटलात चालत गेला. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सची थट्टाही करून झाली. दुपारी मात्र पोट फुगलं, अंगाला दरदरून घाम सुटला. बाई तीनदा उठून नर्सकडे गेली. "डॉक्टरांना कळवलंय," एवढंच उत्तर. डॉक्टर उगवले साडेसहाला आणि सातला बाहेर येऊन म्हणाले, "हृदय अचानक बंद पडलं. कुणाच्या हातात नसतं हो."

त्या 'अचानक'पाशी बाई अडकली. मग तिला एकेक गोष्ट खुपायला लागली. एरवी मान वर न करणारा हॉस्पिटलचा मॅनेजर त्या दिवशी दारापर्यंत सोडायला का आला? शवविच्छेदन नको, अशी सही धाकट्या दिराने परस्पर का केली?

तिने फाइलची नक्कल मागितली. ती मिळायला दोन महिने लागले. त्यातल्या नाडीच्या तक्त्यावर लिहिलं होतं: तीन वाजता नाडी ठीक, चारला ठीक, पाचला ठीक. चार वाजता नवऱ्याचा हात तिच्या हातात होता. खोलीत काळं कुत्रंही फिरकलं नव्हतं.

दीर समजूत घालायला आला. "वहिनी, झालं ते झालं. मोठ्या लोकांशी कशाला वाकडं घ्यायचं?"

"भाऊजी, त्या दिवशी मॅनेजरच्या केबिनमध्ये तुमचं अर्धा तास काय चाललं होतं?"

त्याचा चेहरा उतरला. तो चपला घालून निघून गेला. बाईने मनात खूणगाठ बांधली: हाही त्यांच्यातलाच.

ज्या वकीलबाईंकडे ती गेली, त्या स्पष्ट बोलल्या. "नुसत्या तुमच्या शब्दावर केस उभी राहणार नाही. मूळ फाइल बघायचा हक्क मिळवून देते. पुढचं पुढे."

रेकॉर्डच्या खोलीत वकीलबाई बरोबर होत्या, पण कारकूनही डोक्यावर उभाच होता. बाईने फाइल वाचली नाही, चाचपली. बाकीचे कागद हाताळून मऊ पडलेले, दोऱ्याने भोकं सैलावलेली. नाडीचा तक्ता तेवढा कडक, भोकंही ताजी. तिने तो उजेडाकडे तिरका धरला. फॉर्मच्या तळाशी छापखाना बारीक अक्षरात छपाईचा महिना आणि वर्ष टाकतो. नकलेत ती ओळ कापली गेली होती. चुकून की मुद्दाम, कोण सांगणार? मूळ कागदावर मात्र ती स्पष्ट होती. तो फॉर्म छापला होता नवरा गेल्यानंतरच्या महिन्यात.

तिने पान उलटलं. इथे तोंड उघडलं की कागद गायब होणार. "झालं बघून," म्हणत तिने फाइल मिटली आणि जिन्यात वकीलबाईंचं मनगट घट्ट धरून त्यांना छपाईचा महिना सांगितला.

फाइल कोर्टाच्या ताब्यात यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत वकीलबाईंचा फोन लागला नाही की वाटायचं, हीसुद्धा फुटली.

सुनावणीत हॉस्पिटलच्या वकिलाने हसत विचारलं, "तुम्ही पुस्तकं शिवता. वैद्यकातलं काय कळतं तुम्हाला?"

"काही नाही, साहेब. कागद कळतो. माझा नवरा गेला तेव्हा हा फॉर्म छापलाच नव्हता. मग ह्याच्यावर त्याची नाडी कुणी लिहिली?"

वकिलाचं हसू मावळलं. नर्सला बोलावलं गेलं. सुरुवातीला ती गुळमुळीत बोलली, मग तिला एकदम रडू फुटलं. तिने तीनलाच डॉक्टरांना फोन केला होता. पोटात रक्तस्राव होत असावा, असंही सांगितलं होतं. डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलात होते, "येतो" म्हणाले. पुढे बाईचा नकलेसाठी अर्ज आल्यावर मॅनेजरने नवा फॉर्म समोर ठेवला आणि म्हणाला, "जुना फाटलाय, नीट उतरवून काढ." आकडेही त्यानेच सांगितले.

बाहेर ती बाकावर बसली होती, तिथे दीर येऊन उभा राहिला. "वहिनी, मॅनेजर म्हणाला, शवविच्छेदन म्हणजे तीन दिवस आणि चिरफाड. दादाला कुणी चिरू नये, एवढंच डोक्यात होतं माझ्या. मीच पुरावा घालवला."

"मला वाटलं, तुम्ही विकले गेलात."

"माहीत होतं मला," तो म्हणाला. तिने सरकून त्याच्यासाठी बाकावर जागा करून दिली.

निकाल तिच्या बाजूने लागला: हलगर्जी आणि खोटी नोंद, दोन्ही सिद्ध. मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांचा परवाना वर्षभर थांबवला. हॉस्पिटलने निकालावर लगेच अपील केलं. त्याची तारीख अजून लागलेली नाही.

मागच्या आठवड्यात तिला एका अनोळखी बाईचा फोन आला. "आमच्या आईच्या बाबतीत असंच झालंय. जरा फाइल बघायला याल का?"

"माझा नंबर कुणी दिला?" बाइंडरबाईने आधी विचारलं. वकीलबाईंनी, असं उत्तर आलं. ते खरं का म्हणून वकीलबाईंना विचारलं, मग तिने उलटा फोन लावला.

"येते," ती म्हणाली. "पण नक्कल दाखवू नका मला. मूळ कागद मागा, आणि मागितलाय हे कुणाला बोलू नका."