दयाळ आणि कांगारू

फळ्याच्या मधोमध खडूने उभी रेघ ओढायची, हात झटकायचे आणि म्हणायचं, "चला, फरक सांगा." आमच्या नाशिकच्या शाळेत जीवशास्त्राच्या सरांचा तास असाच सुरू व्हायचा. रेघेच्या एका बाजूला दयाळ पक्षी, दुसऱ्या बाजूला कांगारू. मी प्रयोगशाळेतला शिपाई. वीस वर्षं मी हा फरक ऐकला.

दयाळाचं पिल्लू पंधरा दिवसांत घरटं सोडतं. कांगारूचं शेंगदाण्याएवढं जन्मतं, कित्येक महिने आईच्या पिशवीत राहतं, आणि बाहेर आल्यावरही जरा खुट्ट झालं की परत आत. "आईबापांनी दयाळ व्हावं," सर म्हणायचे. मुलांचा विसरलेला डबा घेऊन येणाऱ्या आयांनाही त्यांनी हे सुनावलेलं आहे.

आता तुम्हीच पाहा. सरांच्या लेकीची आई लवकर गेलेली. हेच सर त्या एकुलत्या लेकीला डी.एड. होईपर्यंत रोज स्कूटरवरून कॉलेजला सोडत. "रस्त्यातच पडतं," म्हणायचे. कॉलेज गंगापूर रोडला, शाळा पंचवटीत, म्हणजे गावाच्या दोन टोकांना.

एकदा पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या कपाटात डांबरगोळ्या बदलताना मला एक लिफाफा सापडला. लेकीच्या नेमणुकीचं पत्र होतं, सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरच्या शाळेचं. दोन दिवसांत हजर झाली नाही तर नोकरी जाणार होती.

"सर, तिला माहीत आहे का?"

"सांगणारच होतो. पण तिकडे माणसं जीपला मागे लटकून जातात हो."

"पत्र तुम्ही देता, की मी देऊ?"

मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती. "मीच देतो," म्हणत त्यांनी लिफाफा खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी लेक एकटीच एसटीत बसली. "तुम्ही यायचं नाही," असं तिनं अख्ख्या सीबीएस बसस्टँडला ऐकू जाईल इतक्या आवाजात बजावलं. पुढे कितीतरी महिने ती त्यांच्याशी धड बोलत नव्हती.

तीन वर्षांनी सर निवृत्त झाले आणि आठवड्याभरात ट्रंक घेऊन सुरगाण्याच्या गाडीला उभे राहिले. घराची किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली.

"तिला कळवलंत?"

"कळवलं तर नको म्हणेल. जाऊनच सांगतो."

मला वाटलं, संध्याकाळच्या गाडीने परत येतील. चौथ्या दिवशी शाळेत तिचा फोन आला. आवाज कडकच होता.

"काका, बाबांची मच्छरदाणी घरी राहिलीय. तेवढी गाडीला टाकाल? आणि किल्ली तुमच्याकडेच राहू द्या."

मच्छरदाणी मी त्याच दिवशी पाठवली. त्यानंतर सर नाशिकला आले नाहीत. मला फार बरं वाटलं, आणि फार चुकल्याचुकल्यासारखंही वाटतं, अजून.