चमचा घरचा

लिफ्टच्या मिस्त्रीनं भित्रं असावं, असं आमच्या मिस्त्रीचं ठाम मत होतं. शूर मिस्त्री दोनच प्रकारचे, तो म्हणायचा, एक लंगडे आणि दुसरे फोटोतले. ब्रेक तीनदा बघायचा, दोर तीनदा चाचपायचा, मगच बटण. पंचवीस वर्षांत त्याच्या हाताखालची एक लिफ्ट पडली नाही. हाच खाक्या त्यानं घरी लेकीला लावला, तिथं मात्र गाडं अडलं.

लेक म्हणजे ठकी. तिला दूध चालत नाही. चालत नाही म्हणजे पोटात गुडगुडतं वगैरे नव्हे. थेंब गेला तरी घसा सुजतो आणि श्वास अडकतो. ती तीन वर्षांची असताना शेजारणीनं कौतुकानं दुधात बुडवलेलं बिस्कीट तिला भरवलं होतं. पोर काळीनिळी पडली. दवाखाना येईपर्यंत बापाच्या मांडीवर तिचं अंग सैल होत गेलं. तेव्हा जी भीती त्याच्या छातीत शिरली, ती बारा वर्षं फुकटची भाडेकरू होऊन ठाण मांडून बसली.

घरात दुधाला बंदी. शर्टाच्या खिशात कायम इंजेक्शनचं पेन, तसा झटका आलाच तर मांडीत मारायचं. कुठंही जा, ठकीचा डबा घरचा, पेला घरचा, चमचा घरचा. मैत्रिणींच्या वाढदिवसाला ती जायची आणि कोपऱ्यात बसून डब्यातलं खायची. "हा माणूस स्वतःच्या सावलीलाही ओळखपत्र मागेल," ठकीची आई म्हणायची. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे तिला अशी वाक्यं सुचायची.

पंधराव्या वाढदिवसाला ठकीनं एकच गोष्ट मागितली. "मला बाहेर जेवायचंय बाबा. टेबलावर बसून, कार्ड बघून, गरम गरम." जागाही तिनंच शोधली होती. बाजारामागच्या गल्लीतलं छोटंसं व्हीगन हॉटेल. दूध, लोणी, चीज, अंडं, तिथं काहीच उंबरठा ओलांडत नाही. सूप, भाजलेले बटाटे, पास्ता, घरच्यासारखं पोटभर जेवण. नाही म्हणायला मिस्त्रीला एकही कारण सापडेना, म्हणून तो जास्तच घाबरला.

तीन दिवस आधीपासून तो एकटाच तिथं चकरा मारू लागला. पिठाच्या गोण्यांवरची अक्षरं वाचली, तेलाचे डबे हुंगले. तिसऱ्या दिवशी आचारीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मिस्त्री, आता फ्रिजमध्ये बसूनच राहता का?" बाई दणकट होती, हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. तरी तिनं सगळं दाखवलं. हा डबा घरचा, तो बाजारचा, याच्यात काय, त्याच्यात काय. ठकीची ताटली नि चमचा तर त्यानं आठवडाभर आधीच पिशवीत घालून कामाच्या बॅगेत ठेवले होते. ऐनवेळी विसरायला नको.

तो दिवस आला. आईला परगावी परीक्षेचं काम लागलं, बापलेक दोघंच गेले. दुपारची वेळ, खिडकीजवळचं टेबल. ठकीनं कार्ड दोन्ही हातांत धरून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, आणि तिच्याकडे बघून मिस्त्रीला वाटलं, अरे, आपण या पोरीचं काय काय अडवून ठेवलं!

पास्ता आला. पांढराशुभ्र, दाट सॉस. "हे दूध आहे," तो उठलाच.

"काजू आहेत बाबा, बस ना! लोक बघतायत." काजू ठकीला चालायचे. घरी ती मूठमूठ खायची.

तो बसला. तिनं हॉटेलचा चमचा उचलला. "तो नको," मिस्त्री म्हणाला. "आपला घे."

"बाबा, आजच्या दिवस तरी..."

"आपला म्हटलं ना!"

तिनं मुकाट्यानं घरचा चमचा घेतला. पहिला घास खाऊन डोळे मिटले. दुसरा, तिसरा. पाचव्या घासाला तिनं ओठ चाचपले. "बाबा, खाजतंय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज घोगरा झाला होता.

मिस्त्रीला पुढचं सलग आठवत नाही. खुर्ची पडली. "विष घातलंत माझ्या लेकीला!" असं कुणीतरी ओरडत होतं, ते आपणच, हे त्याला नंतर कळलं. पेन हातात होतं, पण टोपण तसंच होतं. आचारीणबाई धावत आली, ठकीला जमिनीवर आडवं केलं, पाय खुर्चीवर टेकवले. "मिस्त्री, मला शिव्या नंतर द्या. आधी सुई मारा!" त्यानं मांडीत सुई मारली. मग ठकीची छाती वर जाते की नाही, हे बघत तो गुडघ्यांवर बसून राहिला. रुग्णवाहिका यायला नऊ मिनिटं लागली. तेवढ्यात बारा वर्षं त्याच्या डोळ्यांपुढून दोनदा गेली.

पोर वाचली. संध्याकाळी ती उशाला टेकून बसली होती, ओठ अजून सुजलेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नेहमीपेक्षा वेगळं काय झालं? हॉटेल सोडून काहीही आठवा."

"काही नाही," मिस्त्री म्हणाला. "सगळं तीनदा तपासलं होतं. ताटली घरची, चमचा..."

आणि त्याला आइस्क्रीम आठवलं.

परवा कामावर एका सोबत्याचा निरोपसमारंभ होता. आइस्क्रीम होतं. बाहेर तो दूधदुभतं खायचा. चमचे कमी पडले, म्हणून त्यानं बॅगेतला काढला. खाऊन कागदानं पुसला, धुवू म्हणेपर्यंत फोन आला, अमुक इमारतीत लिफ्टमध्ये माणसं अडकलीत. चमचा पिशवीत कोंबून तो धावला. जगाचे डबे त्यानं तीनदा हुंगले होते. स्वतःची पिशवी एकदाही नाही.

डॉक्टरीणबाई गेल्या. ठकी भिंतीकडे बघत म्हणाली, "तुझंच खरं होतं बाबा. आता नाही मागणार बाहेर जायला."

बस, एवढंच हवं होतं की त्याला! पोर घरात राहील, जन्मभर सुरक्षित. तोंड मिटून बसायचं, की झालं. बाहेर बाकड्यावर आचारीणबाई बसली होती. हॉटेल बंद करून, भीतीनं सगळे डबे मोरीत ओतून आली होती बिचारी. दोर तुटत असताना गप्प बसणारा मिस्त्री कसला?

त्यानं बाईला आत बोलावलं आणि दोघींसमोर सगळं सांगितलं. सांगताना रडला. बाई मटकन खुर्चीत बसली. "मेल्या!" एवढंच म्हणाली, आणि पदरानं स्वतःचे डोळे पुसले.

ठकी ओरडेल, तोंड फिरवेल, म्हणून तो जीव मुठीत धरून उभा. तिनं हात पुढं केला.

"नवं पेन दिलंय ना डॉक्टरांनी? दे इकडे."

"कशाला? माझ्याकडे असू दे. मी आहे ना..."

"तूच आहेस म्हणून, बाबा. आजपासून माझं मी बघेन. डबे, चमचे, सगळं. आणि बरी झाले की पास्ता संपवायला जाणारे. हॉटेलच्या चमच्यानं."

खिशावरचा हात मिस्त्रीला उचलता येईना. शेवटी त्यानं पेन काढून लेकीच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते उलटंसुलटं करून नीट वाचलं. एकदा, दोनदा, तीनदा.

मिस्त्री रिकामा खिसा धरून तसाच उभा राहिला. आयुष्यात तो इतका कधीच घाबरला नव्हता.