कुरणवाडीचा फिडर

वर्षाराणी कांबळे वीज कंपनीत लागली, तेव्हा तिच्या सासूनं, मीनाबाईनं, कुरणवाडीच्या बौद्धवाड्यात घरोघर पेढे वाटले होते. खांबावर चढणारी माणसं गावानं पाहिली होती. पण ज्या खोलीतून आसपासच्या गावांचे फिडर, म्हणजे विजेच्या लाईनी, सोडतात आणि बंद करतात, त्या खोलीत आपली सून बसते, याचं मीनाबाईला भारी अप्रूप. उपकेंद्र नदीपलीकडं, माळावर. पूल ओलांडला की स्कूटीनं लगेच पोहोचायची.

नवरा कृष्णात मालट्रकवर. महिन्यातले निम्मे दिवस बाहेरच. घरात मीनाबाई आणि चौथीतली मित्रा. शाळेतलं नाव संघमित्रा. पोरगी तोंडाची तिखट, दिवसभर टकळी चालू. पण हवेत ओल आली की तिची छाती भरायची. दम्याचं दुखणं. डॉक्टरांनी तोंडानं ओढायचा पंप दिला होता आणि वाफेचं मशीनही घ्यायला लावलं होतं. छाती वाजायला लागली की मशीन लावायचं, मास्क तोंडावर धरायचा, की हळूहळू श्वास जागेवर यायचा.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टात राधानगरीकडं पाऊस थांबायचं नाव घेईना आणि पंचगंगा चढतच राहिली. त्या सकाळी वर्षाराणी कामावर निघाली, तेव्हा पाणी गावाच्या खालच्या उसात शिरलं होतं.

"आत्ती, पिशवी भरून ठेवा. मी आले की तिघीबी पेठ वडगावला माझ्या भणीकडं जाऊ."

"पाच सालच्या म्हापुरातबी पाणी चावडीला लागून माघारी गेलतं की," मीनाबाई म्हणाली. "तू जा बिनघोर."

आणि ती गेली. आत्ताच घेऊन जावं, असं मनात येऊनही गेली.

दुपारी पूल पाण्याखाली गेला. तिची पाळी घ्यायला येणारा ऑपरेटर पलीकडं अडकला. तिनं साहेबांना फोन लावला.

"मॅडम, माणूस पाठवायला रस्ताच उरला नाही," साहेब म्हणाले. "तुम्हालाच सांभाळावं लागेल. दवाखान्याची वीजही तुमच्याच उपकेंद्रावरून जाते."

"सर, माझी मुलगी गावात आहे."

"माझी माणसंही पाण्यातच आहेत, मॅडम," एवढं म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाणी चावडी ओलांडून वर आलं. खालच्या आळीतली माणसं मिळेल त्या माडीवर चढली. मीनाबाई मित्राला आणि मशीनला घेऊन हंबीरराव पाटलांच्या माडीवर गेली. तिथं अजून वीज होती. वर्षाराणीनं फोन केला, तेव्हा मागं मशीनची घरघर ऐकू येत होती.

"पंप संपत आलाय गं," मीनाबाई म्हणाली. "पर वाफंनं बरं वाटाय लागलंय तिला. घे, बोल."

"आई, पाटलांची म्हस जिन्यात बांधलीय," मित्रा मास्कमधूनच म्हणाली. "लई वरडतीया. बोट कवा येणार?"

"येईल की. तू बोलू नको, वाफ घे."

एवढ्यात टेबलावरचा कंपनीचा फोन वाजला. गावात अडकलेला लाइनमन आकाराम होता.

"ताई, कुरणवाडीचा फिडर बंद करा. डीपीच्या पेटीला पाणी लागाय आलंय."

"आकाराम, मित्राला मशीन लावलंय. जरा दम धर."

"अवो, गल्लीत छातीएवढं पाणी हाय. माणसं दोरी धरून चालल्यात. वर्षाराणीताई, पाण्यात करंट उतारला तर एक न्हाय ऱ्हायचं!"

तिच्या एका कानाला मशीनची घरघर होती, दुसऱ्या कानाला दोरी धरून चाललेल्या माणसांचा गलका. ती उठली. पॅनलपाशी गेली आणि ब्रेकर पाडला.

घरघर थांबली.

"आई, लाईट गेली," मित्रा म्हणाली.

मी घालवली, हे तिच्या तोंडून निघालं नाही. "येईल हं बाळा. आज्जीजवळ बस," म्हणाली.

त्यानंतर तिनं कुणाकुणाला फोन केले याला गणती नाही. आपत्ती कक्ष, पोलीस, ओळखीतला एक पुढारी. सगळीकडं तेच उत्तर: बोटी कमी आहेत, नाव लिहून घेतलंय. कृष्णात निपाणीजवळ हायवेवर अडकला होता. तो सारखा विचारायचा, "बोट पोचली का?" ती न्हाय म्हणायची. मग दोघंही तसाच फोन कानाला लावून बसायची. सांजेला मीनाबाईचा फोन लागेनासा झाला. उपकेंद्राच्या कुंपणाबाहेर पाणीच पाणी होतं. पोहता येत असतं, तरी खोली कुणाच्या ताब्यात देऊन जाणार होती ती? दवाखान्याचा फिडर दोनदा पडला आणि दोनदा तिनं चालू केला. तिथं कुणाकुणाची पोरं असतील, हा विचार करून तिनं हात चालवले. पण त्या विचारानं धीर आला नाही.

बोट पोचली ती त्याच्याही दुसऱ्या दिवशी, सकाळी. तासाभरानं आकारामचा फोन आला. तो नुसताच रडत होता.

मित्रा त्याच पहाटे गेली होती. पंप आदल्या संध्याकाळीच संपला होता. मीनाबाईनं तिला उभं धरून, पाठ चोळून, खिडकीशी नेऊन, सगळं करून पाहिलं होतं.

वर्षाराणीला बोटीतून आणलं, तेव्हा मीनाबाई निवारा छावणीच्या शाळेत बाकावर बसली होती. सून दिसताच तिनं पदर तोंडात कोंबला. म्हणाली, "माझंच चुकलं गं. सकाळीच निघाय पायजे हुतं." वर्षाराणी तिच्या पायाशी बसली. चुकलं कुणाचं, हे तिला ठाऊक होतं असं तिला वाटत होतं. पण म्हातारीला ते सांगायचं बळ तिच्यात नव्हतं.

कृष्णात आला तो पाणी ओसरल्यावर. घरात गुडघाभर चिखल. त्यानं फावडं घेतलं, बराच वेळ उपसला आणि मग पाठमोऱ्यानंच विचारलं, "बंद कुणी केलतं?"

"मी."

"ठावं असून?"

"व्हय. गल्लीत माणसं हुती."

"आपलंबी माणूसच हुतं की," तो म्हणाला आणि पुन्हा चिखल ओढू लागला.

त्यानं तिला कधी शिवी दिली नाही. पण हंगाम सुरू झाल्यावर बिद्रीच्या कारखान्यावर ऊस वाहतुकीला गेला आणि तिकडंच राहायला लागला. दिवाळीला आला नाही. मीनाबाईला तेवढा फोन करतो.

साहेबांनी एकदा आपणहून विचारलं, "मॅडम, बदली हवी का? दुसऱ्या उपकेंद्रावर?"

"कुठं गेले तरी काम हेच हाय, सर," ती म्हणाली.

ती अजून तिथंच आहे. पाळी संपली तरी लवकर निघत नाही. पुढचा ऑपरेटर आला की त्याच्याशी उगीच काहीबाही बोलत उभी राहते. घरी गेल्यावर मीनाबाई भाकरी वाढते. दोघी जेवतात, ताटं उचलतात. मित्राचं नाव दोघींपैकी कुणीच काढत नाही.