पाऊण तासाचा थांबा

जी गोष्ट तपासलेली नाही ती अस्तित्वातच नाही, असं माझ्या थोरल्या मेहुणीचं प्रामाणिक मत आहे. देव्हाऱ्यातली समई असो की दूधवाल्याचं माप, त्यांची नजर एकदा वरून खाली फिरल्याशिवाय त्या वस्तूला या जगात राहण्याचा परवाना मिळत नाही. बत्तीस वर्षं त्यांनी शिक्षण खात्यात काढली आणि त्यातली बरीचशी विस्तार अधिकारी म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या शाळा तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर शाळा सुटल्या, तपासणी सुटली नाही. आमच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम पाहून त्यांनी फक्त एवढंच म्हटलं होतं की फोटोंना अनुक्रमांक नाहीत. माझी बायको, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, त्यांना अक्का म्हणते म्हणून मीही अक्काच म्हणतो. त्या मात्र मी पासष्टीला टेकलो तरी मला 'जावईबापू' म्हणतात आणि त्या हाकेत कौतुक कमी, हजेरी जास्त असते.

यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. जिल्ह्यातली सगळी मुलं माझीच, असं काही म्हणण्याइतक्या त्या हळव्या नाहीत. "सगळी मुलं माझ्या अंगावर होती," असं म्हणतात. निवृत्त झाल्यावर सहा महिने त्यांनी म्हसरूळच्या आपल्या फ्लॅटमध्ये जिना, टाकी आणि सोसायटीचा सेक्रेटरी यांची तपासणी केली, आणि मग एके दिवशी फोन करून आम्हाला सांगितलं, "मी गाडी घेतेय. बॅटरीवरची." गाडी चालवायला त्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकल्या होत्या हे आम्हाला तेव्हाच कळलं. शोरूममध्ये मी सोबत होतो. विक्रेता मुलगी एका चार्जमध्ये गाडी किती लांब जाते ते भरभरून सांगत होती. अक्का ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "हे रस्त्यावर की कागदावर?" ती म्हणाली, "मॅडम, आयडियल कंडिशनमध्ये." अक्का म्हणाल्या, "आदर्श शाळा मी बत्तीस वर्षांत एकही पाहिली नाही. खरा आकडा सांग." तिने खरा आकडा सांगितला आणि खरं बोलल्याबद्दल अक्कांनी तिथल्या तिथे गाडी घेतली.

बॅटरीवरचीच का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्याच्या डिझेलवर आणि दुसऱ्याच्या वेळेवर फिरले. आता घरच्या प्लगवर फिरणार." आणि फिरल्या. माझ्या बायकोला गुडघ्यामुळे फार वेळ बसवत नाही, त्यामुळे सोबत म्हणून मला देण्यात आलं. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात माझा जन्म गेला होता, तेव्हा रस्ता दाखवण्यासाठी माझी निवड झाली असावी असं मला वाटायचं. नंतर कळलं की चढावर वजन कमी हवं आणि मी किरकोळ आहे, हे खरं कारण होतं. अक्का ताशी साठच्या वर जात नसत. मागचे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून थकत आणि शेवटी एखाद्या विद्यार्थ्यासारखे मुकाट मागून येत. बॅटरीचे टक्के म्हणजे त्यांच्या लेखी गुण. पस्तीसच्या खाली आकडा आला की त्या एसी बंद करत, काचा खाली करत, आणि माझ्याशी बोलणंही बंद करत, जणू माझ्या बोलण्यालाही बॅटरी लागते. कसारा घाट उतरताना मात्र टक्के आपोआप वाढत आणि त्यांचा चेहरा उजळे. "बघा, उतारावर कमावते," त्या म्हणत. मी पेन्शनर माणूस, उतारवयात काहीच कमावत नसल्यामुळे खिडकीबाहेर बघत असे.

पहिल्या वर्षी चार्जर शोधणं म्हणजे वधूसंशोधनासारखं होतं. पत्ता मिळे, फोन लागे, आणि प्रत्यक्ष गेल्यावर कळे की अजून तयारी नाही. पण अक्कांनी राज्यभर फिरायचं ठरवलं होतं, आणि जिथे जिथे गाडी लावली तिथला शेरा एका जाड वहीत लिहायचा हेही. शाळेत तपासणीनंतर शेरेबुकात लिहीत तसाच. ती वही मी चाळली आहे. 'धुळ्याच्या अलीकडे. यंत्र चालू. सावली नाही. कर्मचारी नम्र, माहिती शून्य.' 'सोलापूर रस्ता. अ‍ॅपमध्ये उपलब्ध. प्रत्यक्षात यंत्राच्या पेटीत मधमाश्यांचं पोळं. मधमाश्या उपलब्ध.' 'संगमनेरजवळ. चार्जिंगच्या जागेत नवरदेवाची पेट्रोलची गाडी. नवरदेव वरातीत. दीड तास वाया. नवरी बरी दिसली.' या शेऱ्यांच्या प्रती त्या संबंधित कंपनीला आणि कुठल्या ना कुठल्या सरकारी कार्यालयाला पाठवत. उत्तर सहसा येत नसे. आलं तर त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून त्या ते परत पाठवत.

वर्ष-दीड वर्षात चित्र बदललं. ढाब्यांपुढे, हॉटेलांच्या आवारात, अगदी कांद्याच्या गोदामांशेजारी चार्जर उभे राहिले. अक्कांच्या वहीतले 'यंत्र बंद' हे शब्द कमी झाले आणि दुसरेच शब्द वारंवार दिसू लागले. 'स्वच्छतागृह नाही.' 'स्वच्छतागृह आहे, कुलूप आहे.' 'किल्ली मालकाकडे, मालक मुंबईला.' मला ते वाचून थोडं अवघडल्यासारखं होई, म्हणून मी त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं.

मग पिंपळगाव बसवंतचा प्रकार घडला. हायवेला लागून एका बागायतदाराचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे, म्हणजे जिथे माल निवडून पेट्यांत भरतात ती शेड. त्याने पुढच्या मोकळ्या जागेत दोन चार्जर बसवून घेतले होते. आम्ही मंगळवारी दुपारी तिथे पोचलो, गाडी लावली आणि शेडच्या सावलीत बसलो. शेजारच्या चार्जरला एका तरुण जोडप्याची गाडी होती. त्यातली मुलगी सात-आठ महिन्यांची गरोदर असावी. ती उतरून इकडेतिकडे पाहत होती. शेडच्या मागे संडास-बाथरूमची एक खोली दिसत होती, तिला कुलूप. तिने वॉचमनला विचारलं, तो म्हणाला, "मालकाला विचारल्याशिवाय नाय उघडता येत." ती रस्त्याकडेच्या बांधाच्या आडोशाला जायला निघाली. तिचा नवरा मोबाइलमध्ये टक्के बघत होता.

अक्का उठल्या. आधी त्या मुलीबरोबर बांधापर्यंत गेल्या आणि रस्त्याकडे पाठ करून, पदर पसरून उभ्या राहिल्या. मुलगी परत आल्यावर तिला गाडीत बसवलं. मग वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची उचलून त्या कुलूपबंद दाराशी नेली आणि तिथे बसल्या. "मालकाला फोन लावा," त्या म्हणाल्या. वॉचमन म्हणाला, "मालक विंचूरला गेलेत, कांद्याच्या लिलावाला. दोन तास तरी यायचे नाय." "मी बसते," अक्का म्हणाल्या.

आमची गाडी पाऊण तासात भरली. ती काढून बाजूला लावायला हवी होती, पण मला तेव्हा चालवता येत नव्हती. शेवटी त्या स्वतः उठल्या, दुसऱ्या कुणाचा खोळंबा नको म्हणून गाडी चिंचेखाली लावली, आणि परत खुर्चीवर. ऊन कडक होतं. मी त्यांना पाण्याची बाटली दिली. त्यांनी ती मांडीवर ठेवून घेतली, झाकण उघडलं नाही. मी म्हटलं, "अक्का, दोन घोट घ्या तरी."

"सवय नाही," त्या म्हणाल्या. "फिरतीवर असताना मी सकाळी घरून निघाले की घरी परत येईपर्यंत पाणी पीत नसे. सुरगाण्याकडच्या शाळा, पेठकडच्या शाळा. दोन खोल्या आणि पुढे मैदान. मास्तर पुरुष, शिपाई पुरुष, जीपचा ड्रायव्हर पुरुष. विचारायचं कुणाला? पाणी प्यायलंच नाही की प्रश्नच येत नाही. दोनदा मूतखडे झाले. तुमच्या बायकोला ठाऊक आहे."

मला ठाऊक नव्हतं. अक्कांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी डबा घेऊन दवाखान्यात गेलो होतो, एवढं आठवत होतं.

"पेट्रोलवाला पाच मिनिटांत पुढे जातो," त्या म्हणाल्या. "या गाडीत माणूस पाऊण तास अडकतो. राज्यभर यंत्रं बसवताहेत, चांगलंच आहे. पण पाऊण तास बाईने काय करायचं, हे कुणीतरी विचारायला हवं होतं."

मालक आला तेव्हा साडेतीन वाजले होते. भरघोस मिशांचा, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला दणकट माणूस. वॉचमनने फोनवर काय सांगितलं होतं कोण जाणे, तो तावातावाने चालत आला आणि दहा पावलांवर थबकला.

"मॅडम?" तो म्हणाला. "तुम्ही आमच्या शाळेत यायच्या. मी चौथीत होतो. मला सतराचा पाढा इचारला होता."

"आला होता?" अक्कांनी विचारलं.

"नाय."

"आता येतो?"

त्याने वॉचमनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सतरा साते एकशेएकोणीसपर्यंत व्यवस्थित म्हटला. पुढे अडखळला. अक्का म्हणाल्या, "राहू दे. कुलूप उघड."

कुलूप उघडलं तर आत छतापर्यंत द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या. मालक ओशाळला. "मॅडम, सीझनला जागा लय कमी पडती. आन् हितं बायामाणसं कोण उतरतंय?" अक्कांनी त्याला काही सुनावलं नाही. फक्त विचारलं, "तुझ्या शेडमध्ये माल निवडायला कोण येतं?" तो शेडकडे बघू लागला. निवडायला सगळ्या बायकाच येतात. त्या कुठे जातात, हे त्यानेही कधी विचारलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो हळूच म्हणाला, "आठ दिस द्या मला."

पुढच्या मंगळवारी आम्ही गेलो. पेट्या हलल्या होत्या, नळाला पाणी नव्हतं. त्याच्या पुढच्या मंगळवारी पाणी होतं, कडी आतून लागत नव्हती. तिसऱ्या खेपेला अक्का आत जाऊन पाच मिनिटांनी बाहेर आल्या आणि मालकाला म्हणाल्या, "दिवा थोडा वर घे. बाकी ठीक." हा माणूस त्यावर इतका खूश झाला की त्याने आम्हाला द्राक्षांची एक पेटी दिली. अक्कांनी ती तपासून घेतली. दोन महिन्यांनी गेलो तर चार्जरच्या पाटीपेक्षा मोठी पाटी हायवेवरून दिसत होती, 'महिलांसाठी स्वच्छ प्रसाधनगृह'. मालक सांगत होता, "मॅडम, गाड्या वाढल्या. पाटी दिसली का बायाच नवऱ्याला सांगतात, हितंच लाव म्हणून." माल निवडणाऱ्या बायकांपैकी एक म्हातारी अक्कांपाशी आली आणि त्यांच्या हातात मूठभर बेदाणे ठेवून गेली. तेवढे मात्र अक्कांनी न तपासता खाल्ले.

गेल्या वर्षी दिंडोरी रोडवर, घरापासून अगदी जवळ, डाव्या बाजूने एक मोटरसायकलवाला आला. अक्कांनी करकचून ब्रेक मारला, त्याला काही झालं नाही, तो हात हलवून निघूनही गेला. अक्कांनी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. "तो मला दिसलाच नाही," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं ठीक दिसतं, कडेचं गेलंय, गेलेलं परत यायचं नाही, उरलेलं औषधाने टिकेल. गाडी चालवू नका, हे डॉक्टर सांगणारच होते, त्याआधी अक्कांनीच त्यांना सांगून टाकलं की मी चालवणं बंद केलंय.

मला वाटलं आता गाडी विकतील. त्यांनी किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "गिअर नाहीत. तुम्हालासुद्धा जमेल." माझी बायको पोटभर हसली, पण मी शिकलो. दोन महिने लागले. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांपेक्षा मला मागच्या सीटवरून येणाऱ्या सूचनांची जास्त भीती वाटायची. परवाना मिळाला त्या दिवशी अक्कांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि पार्किंग अजून कच्चं आहे असं सांगितलं.

परवा आम्ही विंचूरहून परत येत होतो. अक्का माझ्या शेजारी बसल्या होत्या. कडेचं दिसत नसल्यामुळे त्या विचारत होत्या आणि मी सांगत होतो. "डावीकडे काय आलं?" "द्राक्षबाग. घडांना कागद बांधलेत." "आता?" "ऊस. अर्धा तोडलाय." "शाळा गेली का एक? निळ्या फाटकाची?" "गेली. फाटक आता हिरवं आहे." निफाड मागे पडलं आणि प्रश्न थांबले. माझं काहीतरी चुकलं असणार म्हणून मी हळूच पाहिलं. अक्कांचं डोकं काचेला टेकलं होतं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. त्या झोपल्या होत्या. इतक्या वर्षांच्या प्रवासात, सोलापूर म्हणू नका, नागपूर म्हणू नका, गाडी चार्जिंगला उभी असतानाही त्यांचा डोळा लागलेला मी कधी पाहिला नव्हता. बाहेरगावच्या वाटेवर बाईने जागंच राहायचं असतं, असं त्या माझ्या मुलीला नेहमी सांगत.

गाडीला आवाज नाही. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, संथ आणि जरासा घरघरता. पुढे उसाने लादलेला एक ट्रॅक्टर रांगत चालला होता. रस्ता मोकळा होता, ओलांडून जाता आलं असतं. मागचा टेम्पोवाला तेच हॉर्न वाजवून सांगत होता. मी त्याला हाताने खूण करून पुढे जाऊ दिलं, आणि चांदोरी येईपर्यंत त्या ट्रॅक्टरच्या मागेच राहिलो.