डोळ्यांतला पांढरा ठिपका

जगाच्या आधीपासून समुद्राच्या तळाशी झोपलेल्या महाभूताचे डोळे रंगवायचं काम तिच्याकडे होतं, आणि अडचण एवढीच होती की ते भूत प्रेमळ दिसे.

कारखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत साच्यांत राळ ओतत, आतल्या खोलीत बायका रंगाला बसत. माल जायचा खेळणाऱ्यांकडे. चांगली शिकलेली, नोकरीधंद्याची माणसं टेबलाभोवती जमतात, फासे टाकतात, आपण दुसरंच कुणीतरी आहोत असं धरून चालतात, आणि शेवटी टेबलाच्या मधोमध हा राळेचा वीतभर प्राणी आणून ठेवतात. पाठीला पंख, तोंडाच्या जागी सोंडा, डोळे सहा. त्याला पाहणाऱ्याला वेड लागतं, असा खेळाचा नियम. दान वाईट पडलं की खेळाडू वेडा होतो आणि चहा करायला उठतो.

त्याचं खरं नाव कुणाच्याच जिभेला वळत नसे. साऱ्या विश्वाहून वयानं मोठा म्हणून रंगाच्या खोलीत त्याला आजोबा म्हणत. "आजोबांच्या सोंडा वाळल्या का गं?" असं रोज कुणीतरी विचारी.

ती इथं येण्याआधी बाहुल्यांच्या कारखान्यात होती. तिथं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, की बुबुळावर पांढरा ठिपका दिला नाही तर बाहुली मेलेली दिसते. तेव्हापासून तो ठिपका ती देत नसे, तिचा हातच देऊन मोकळा होई. आजोबांनाही त्या हातानं सहा ठिपके दिले. विश्वाचा काळ आता 'जेवलीस का?' असं विचारणार, असं वाटायला लागलं.

मालकांची एक रीत होती. नव्या रंगाचा पहिला नग रंगवणारीनं घरी न्यायचा आणि जेवणाच्या टेबलावर ठेवायचा. दोनचार दिवसांत घरच्यांना त्याची सवय झाली तर नग बाद. तिच्या घरी पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंनी आजोबांच्या सोंडेला चष्मा अडकवला, आणि पुतणीनं त्यांना थंडी वाजू नये म्हणून हातरुमाल पांघरला. मालकांनी विचारल्यावर तिनं हे सगळं खरंखरं सांगून टाकलं.

"अहो, हा जगाचा शेवट करणारा आहे," मालक कपाळाला हात लावून म्हणाले. "तुमचा तर मुलांना सुट्टीत मामाकडे घेऊन जाईल! आता एकच नग. नाही जमलं तर छापलेले डोळे आणून चिकटवू आणि तुम्ही खोकी भरायला बसा."

खोकी भरायला तिची ना नव्हती. पण घरी तिनं केलेलं कुठलंही काम दुसरं कुणीही करू शकलं असतं. डोळे तेवढे तिचे होते.

"मग राग दाखवू का?" तिनं विचारलं.

"राग नको. रागावलेला माणूस निदान तुम्हाला ओळखतो तरी. याला तुम्ही आहात हेच माहीत नाही."

सोंडा रंगवणाऱ्या मावशी खो-खो हसल्या. "अगं बाई! मग हा तर बिल भरायच्या खिडकीतला माणूस!"

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. तिला घरचं टेबल आठवलं होतं.

घरात थोरल्या दिरांचा शब्द चाले. माणूस वाईट नव्हता. त्यांचा आवाज कधी चढला नाही. ती लग्न होऊन आल्यापासून ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते, इतकंच. मीठ हवं असलं की ते हवेला 'मीठ' म्हणत, आणि मीठ येई. तिचे वडील गेले तेव्हा ती माहेराहून सुजलेल्या डोळ्यांनी परतली, उंबऱ्यातच थबकली. तेव्हा ते हवेला म्हणाले, "दार लावा."

त्या संध्याकाळी तिनं त्यांच्याकडे पहिल्यांदा नगाकडे पाहावं तसं पाहिलं. वरची पापणी जराशी उतरलेली. बुबुळ तिच्या डोक्याच्या किंचित वर रोखलेलं, दुसऱ्या कुणासाठी लावलेली पाटी लांबून वाचावी तसं. आणि चमक? कुठंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं तेच डोळे काढले. प्रत्येक बुबुळ पुरं झालं की हात पांढऱ्या रंगाकडे वळे. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरून ठेवलं. नग वाळत ठेवला तेव्हा मावशी डोकावल्या आणि पुन्हा आपल्या जागी बसताना स्टूल थोडं लांब ओढून बसल्या. "आजोबांना काय झालं गं?" एवढंच म्हणाल्या.

घरी नग टेबलावर उभा राहिला. सासूबाईंनी चष्मा हातातच धरून ठेवला. पुतणी ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. दीर आले, बसले, "मीठ" म्हणाले, आणि मान वर करताच त्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी नग फिरवून पाठमोरा केला. मग त्याच्या पाठीकडेही त्यांना बघवेना, म्हणून पुन्हा सरळ केला.

"हे असं काय बघतंय माझ्याकडे?" त्यांनी विचारलं. हवेला नव्हे. तिला.

"तुमच्याकडे नाही बघत, भाऊजी," ती म्हणाली. "ते तुमच्या मागच्या भिंतीकडे बघतंय."

त्यांनी वळून भिंत पाहिली. मग वाट चुकलेल्या माणसासारखं तिच्याकडे पाहिलं. तिनं मीठ पुढं सरकवलं.

"सवय झाली का घरच्यांना?" दोन दिवसांनी मालकांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. नग पास झाला. डोळे तिच्याकडेच राहिले. मालकांनी तो पहिला नग तिला बक्षीस दिला.

सवय व्हायला आणखी थोडे दिवस लागले. तोवर खोकीच्या खोकी आजोबा भरून निघून गेले होते, कुठल्या कुठल्या टेबलांवर माणसं वेडी होऊन चहाला उठत होती. एका संध्याकाळी दिरांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, न बघताच आजोबांच्या सोंडेला अडकवलं, आणि हवेला म्हणाले, "मीठ."

तिनं मीठ दिलं. टेबलाशी दीर आणि आजोबा समोरासमोर होते आणि दोघांनाही ती दिसत नव्हती. त्यातल्या एकाचे डोळे तिनं स्वतः रंगवले होते, एवढाच फरक.