बघणाऱ्यांत आईचं नाव

गेल्या वर्षी काही महिने मी घरोघर फिरून लोकांना विचारत होते, तुम्ही मोबाइलवर काय बघता आणि किती वेळ? एका संस्थेचं सर्वेक्षण होतं. विरारच्या इमारतींमध्ये बहुतेक जण वेळ कमी करूनच सांगायचे, वजन सांगावं तसा.

एकदा जवळच्याच वटार गावात गेले. साठीच्या एक काकू ओटीवर मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसल्या होत्या. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा मस्कतला नोकरीला. घरात त्या एकट्याच.

"मी नाय बघत ते फेसबुक वगैरे," त्या म्हणाल्या. "मुलाचं स्टेटस तेवढं बघते सकाळी. कधी आभाळ टाकतो, कधी चहाचा कप. त्याला काय माहीत, मी बघते ते."

मी टॅबवर 'अत्यल्प वापर' निवडणार, तेवढ्यात मुलाचाच व्हिडिओ कॉल आला. काकूंनी फोन माझ्याकडे वळवला.

"या बाई विचारायला आल्यात, आपन फोन किती बघतो ते. तू पन सांग."

तो हसला. "मॅडम, मला स्टेटसची हौस नाही. आईसाठी टाकतो, रात्री झोपताना. उठलो की बघणाऱ्यांत आईचं नाव शोधतो. दिसलं की निर्धास्तपणे कामाला जातो."

काकूंचा कळ्यांतला हात थांबला. "तुला दिसतं? मी बघितलेलं?"

"रोज दिसतं. मागे एकदा बराच वेळ दिसलं नाही, म्हणून शेजारच्या काकींना फोन केला."

"म्हणजे ती कढीपत्ता मागायला आली होती, ती..."

"मीच पाठवली होती."

त्या दिवशी काकू तापाने फणफणून पडल्या होत्या आणि शेजारणीनेच रिक्षा बोलावून त्यांना आगाशीला डॉक्टरकडे नेलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी काकू पदराने डोळे टिपून मुलावरच डाफरल्या, "तिच्या दारात कढीपत्त्याचं झाड आहे! मला तेव्हाच कळायला हवं होतं."

आम्ही तिघंही हसलो.

वापराच्या हेतूसाठी फॉर्मवर चार पर्याय होते. मी 'नातेवाइकांशी संपर्क' निवडलं. उत्तर बरोबर होतं, तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहिलं. रोज सकाळी दोघं एकमेकांना शोधत होते, एक शब्द न बोलता, आणि आमच्या हिशेबात ते काही सेकंदांचं काम होतं.

त्यानंतर मी सगळे प्रश्न संपले की स्वतःचा एक प्रश्न विचारू लागले, "तुम्ही टाकलेलं स्टेटस कोण बघतं?"

नालासोपाऱ्यातल्या एका गृहस्थांनी थोडा विचार केला. "खरं सांगू? कधी पाहिलंच नाही." मग चष्मा चढवून ते माझ्यासमोरच एकेक नाव वाचू लागले.